सच्चा, लुच्चा आणि बाबा

“थांबा! चिठ्ठ्यांना कुणी हात लावायचा नाही!”

चौकशीनं ओरडत ओरडत टेबलावरच्या तिन्ही चिठ्ठ्या आपल्याकडे ओढल्या. त्या झटापटीत आत्याचा चहा बशीत सांडला.

“अगं, चिठ्ठ्याच आहेत त्या. त्यांना काय पाय फुटतायत?” आत्या म्हणाली आणि बशीतला चहा सरळ बशीला तोंड लावून पिऊन टाकला.

चौकशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बोलायला लागल्यापासून ती जी प्रश्न विचारत सुटली, ती थांबलीच नव्हती. बाबा बसचे ड्रायव्हर. त्यांच्या डेपोत एक खिडकी होती, तिच्यावर ‘चौकशी’ अशी पाटी होती आणि तिथं दिवसभर रांग असायची. बाबांनी त्या खिडकीवरून लेकीचं बारसं दुसऱ्यांदा करून टाकलं. आता ती नववीत होती आणि शाळेतल्या बाईसुद्धा कधीकधी चुकून तिला त्याच नावानं हाक मारत.

खेळ तिनंच काढलेला होता. गणिताच्या पुस्तकाच्या मागच्या पानांवर तिला एक बेट सापडलं होतं. त्या बेटावर दोनच प्रकारची माणसं राहतात. एक नेहमी खरं बोलणारी, दुसरी नेहमी खोटं बोलणारी. चौकशीनं ते बेट उचलून स्वयंपाकघरात आणलं. दर रविवारी सकाळी बिस्किटांच्या डब्यात तीन चिठ्ठ्या पडत. दोहोंवर ‘सच्चा’ आणि एकीवर ‘लुच्चा’. जाड काळ्या पेनानं, बोटभर अक्षरांत. आई, बाबा आणि आत्या एकेक उचलत, एकमेकांना दाखवत, आणि तोवर चौकशी खिडकीकडे तोंड करून उभी राही. मग प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं. सच्चानं खरं, लुच्चानं खोटं. तेवढ्यावरून लुच्चा कोण ते ती शोधून काढी. आठ महिन्यांत ती एकदाही हरली नव्हती. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत.

“मला पुन्हा सांगा,” ती म्हणाली. “आत्या, तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, लुच्चा तुझी आई आहे.”

“आई?”

“ताई खोटं बोलतायत, असं म्हटलं मी,” आई म्हणाली. ती टेबलाला लागूनच इस्त्री करत होती. रविवारी आठवड्याभराचे गणवेष व्हायचे; खेळासाठी तिला वेगळा वेळ नव्हता.

“म्हणजे तुमच्या दोघींपैकी एक लुच्चा. नक्की. मग बाबा आपोआप सच्चा. आणि बाबा म्हणाले, ताई खोटं बोलत नाहीये. म्हणजे लुच्चा आई! याच्यात चूक कुठंय?” तिनं चिठ्ठ्या उलगडून टेबलावर आपटल्या. “आणि इथं बघा. आईच्या चिठ्ठीवर सच्चा. आत्याच्या चिठ्ठीवर लुच्चा. बाबा, तुमच्या हातात सच्चा होती आणि तुम्ही चक्क खोटं बोललात!”

“विसरलो गं,” बाबा म्हणाले.

“एक वाक्य विसरलात?”

“मी तर याच्या नाकासमोर चिठ्ठी धरली होती,” आत्या म्हणाली. “तेव्हा मान डोलावलीस ना रे? आणि हल्ली हे काय, मान वाकडी करून कोंबडीसारखा काय बघतोस?”

“तू समोर बसल्यावर माणूस दुसरं काय करणार?” बाबा म्हणाले. सगळे हसले. आईसुद्धा.

चौकशी हसली नाही. तिनं वही उघडली. महिन्याभरातला हा तिसरा डाव बाबांमुळे नासला होता. तिचं म्हणणं असं होतं, की लुच्चा हा अतिशय कामाचा माणूस आहे. तो नेहमी खोटं बोलतो, म्हणजे त्याचं बोलणं उलटं केलं की खरं हातात येतं. सच्चाइतकाच भरवशाचा. पंचाईत करतो तो तिसरा प्रकार. कधी खरं, कधी खोटं, मनाला येईल तसं. त्याला कितीही प्रश्न विचारा, हाती काही लागत नाही. तिनं वहीत लिहिलं: ‘तिसरा प्रकार – बाबा.’ आणि खाली दोन रेघा मारल्या.

“रागावलीस होय?” बाबांनी विचारलं. “चल, माझं पाठांतर घे. डेपोत पैज लागलीय.”

हेही आठवडाभर चाललं होतं. बाबांच्या खिशात एक कागद असे. त्याच्यावर बाबांच्या बसच्या कंडक्टरकाकांच्या हस्ताक्षरात आठ ओळी होत्या, अर्थ नसलेल्या सुट्या अक्षरांच्या. पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, अशा वाढत गेलेल्या. कागद तिनं धरायचा आणि बाबांनी म्हणून दाखवायचं. हा गुप्त संदेश असणार, असं वाटून तिनं दोन दिवस तो सोडवण्यात घालवले होते. अक्षरं उलटी लावून पाहिली, एक सोडून एक घेतली. काहीही निघालं नव्हतं.

“न, प, ग, र, म, ट, क, द,” बाबांनी शेवटची ओळ डोळे मिटून म्हटली.

“बरोबर,” ती म्हणाली. “पैज जिंकलात की निम्मं बक्षीस माझं.”

“अहो, आणि उद्याच्या सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी ना तुमची डोळ्यांची तपासणी?” आईनं सदऱ्याची बाही पलटत मध्येच विचारलं. “तो नवा गणवेष त्या दिवशी घाला. साहेब असतात समोर.”

“घालू की,” बाबा म्हणाले.

मंगळवारी शाळेत नर्सबाई आल्या. वर्गातल्या सगळ्यांना ओळीनं प्रयोगशाळेत नेलं, वजन केलं, दात पाहिले. चौकशीला भिंतीपासून दूर, फरशीवर खडूनं मारलेल्या रेघेवर उभं केलं आणि एका डोळ्यावर पुठ्ठा धरायला लावला.

“वाच. खालची ओळ.”

समोर पांढरा तक्ता होता. वर एकच भलंमोठं अक्षर. त्याखाली दोन. त्याखाली तीन.

“न, प, ग, र, म, ट, क, द,” चौकशी म्हणाली.

“शाब्बास. आता दुसरा डोळा.”

तिनं पुठ्ठा दुसऱ्या डोळ्यावर धरला. पहिला मात्र उघडायचा राहिला. दोन्ही डोळे बंद असताना तिनं सगळी ओळ पुन्हा म्हटली आणि नर्सबाईंनी कार्डावर ‘उत्तम’ असं लिहिलं.

“जा की पुढं,” मागची मैत्रीण म्हणाली. “इथंच राहणारेस का?”

बुधवारी शाळा सुटल्यावर ती घरी न जाता बाबांच्या बसमध्ये चढली. बस नेहमीसारखी अर्धी भरलेली होती. कंडक्टरकाका मागं नव्हते, पुढं बाबांच्या शेजारच्या दांडीला टेकून उभे होते. गेले कितीतरी महिने ते तिथंच उभे असत, आणि त्यांची बडबड हे या बसचं वैशिष्ट्य होतं. त्यासाठी म्हणून काही लोक आधीची बस सोडून ही पकडत.

“राजे, सिग्नल लाजला बघा! लाले लाल!”

बस थांबली. पुढच्या बाकावरच्या बाया हसल्या.

“आली, हिरवळ आली. चला. डावीकडून एक सायकलवाले साहेब निघालेत, त्यांच्या सासुरवाडीला उशीर झालाय, त्यांना जाऊ द्या आधी.”

बस सावकाश झाली. सायकल गेली.

चौकशीही या बडबडीवर शंभरदा हसली होती. आज तिनं मोजायला घेतलं. शाळेच्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत काका एक्केचाळीस वेळा बोलले. तिकिटं काढायला ते फक्त बस उभी असतानाच मागं येत होते. बस हलली, की हातातलं काम टाकून धावत पुढं.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. बाबांनी इंजिन बंद केलं, पाण्याची बाटली काढली. हात न चाचपडता बरोबर झाकणावर गेला. या बसमधलं सगळं त्यांच्या हातांना पाठ होतं.

“बाबा, एक डाव,” ती म्हणाली. “फक्त तुम्ही आणि मी.”

“इथं? अगं, रविवारी खेळू की.”

“एकच.”

तिनं दप्तरातून चिठ्ठी काढून दिली. बाबांनी ती उलगडली, मान जराशी डावीकडे वळवली, कडेनं पाहिलं. “हं,” म्हणाले. मग नीट घडी घालून खिशात ठेवली.

“सांगा. तुम्ही सच्चा की लुच्चा?”

“सच्चा,” बाबा म्हणाले. “नेहमीप्रमाणे.”

त्यांच्या मागं कंडक्टरकाका फडक्यानं दांडी पुसत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी चौकशीकडे पाहिलं, चौकशीनं त्यांच्याकडे.

“राजे,” काका म्हणाले, “जरा पाय मोकळे करून या. मी काच पुसून घेतो.”

बाबा पायऱ्या उतरून गेले. एकही पायरी चुकली नाही.

“कोरी होती,” काका म्हणाले.

“हो.”

“दोन्ही बाजूंनी?”

“दोन्ही बाजूंनी.”

काका समोरच्या बाकावर बसले. फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“चष्मा बदलायचा ना मग,” चौकशी म्हणाली.

“चष्म्याचं काम नाही ते, पोरी. मी स्वतः घेऊन गेलो होतो मोठ्या डॉक्टरांकडे. त्याला कडेनं दिसतं. मधलं पुसल्यासारखं झालंय. डॉक्टर म्हणाले, कडेचं राहील, मधलं आता परत यायचं नाही.”

“किती दिवस झाले?”

“सहा महिने. या महिन्यात फारच वाढलंय.”

“आईला माहीत आहे?”

काकांनी नाही अशी मान हलवली. “सोमवारची तपासणी पार पडली, की वर्षभर कुणी विचारत नाही. नाही पडली, तर गाडी गेली. एकोणीस वर्षं झाली त्याला. एक ओरखडा नाही गाडीला. मग डेपोत कुठंतरी बसवतील, कागद इकडून तिकडं करायला. ते तरी बसवतील की नाही, कोण जाणे. तुला बघवेल का तो तसा बसलेला?”

चौकशीकडे नेहमीप्रमाणे प्रश्न होता.

“काका, तुम्ही एखाद्या दिवशी आजारी पडलात तर?”

काकांनी काचेबाहेर पाहिलं. बाबा थांब्याच्या खांबाशी उभे राहून दोन्ही हात वर ताणत होते.

“गेल्या आठवड्यात एक आजोबा मध्येच रस्त्यात आले,” काका म्हणाले. “मी मागं एकाला सुटे पैसे देत होतो. ओरडलो. काठी मोडली, आजोबा वाचले. तेव्हापासून माझी तिकिटं चुकायला लागलीत.” ते उठले. “मी तुला काही सांगितलेलं नाही, बरं का.”

“आणि मी काही ऐकलेलं नाही,” चौकशी म्हणाली.

गुरुवारी ती गप्प होती. शुक्रवारीही. आत्यानं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. “ताप नाही,” तिनं आईला कळवलं, “पण काल जेवताना एकही प्रश्न नाही. मला तर बाई चैनच पडेना.”

वहीत चौकशीनं आईला सांगण्याचा मार्ग लिहून पाहिला. आई विचारणार, अहो, तुम्हाला दिसत नाही का? बाबा म्हणणार, दिसतं की. आई म्हणणार, अगं, दिसतंय म्हणतात ना ते. तिनं तो मार्ग खोडला. बाबांना एकट्याला गाठून विचारण्याचा मार्ग लिहिला. तिथंही शेवटी ‘दिसतं की’ आलं. तो शब्द सहा महिने त्यांच्या तोंडात बसलेला होता. कुठूनही गेलं तरी वाटेत तोच उभा होता. बाबांकडून ‘दिसत नाही’ हे शब्द वदवून घेणारा प्रश्न तिला सापडेना.

शनिवारी तिनं ‘तिसरा प्रकार – बाबा’ हे वाक्य वहीतून शोधून काढलं आणि त्याच्याकडे पाहत बसली. मग ‘तिसरा’ खोडून वर ‘दुसरा’ लिहिलं, म्हणजे लुच्चा.

रविवारी आईनं टेबलाशेजारी इस्त्री तापत ठेवली. आधी नवा गणवेष घेतला. आत्या चहा घेऊन बसली, या वेळी कप दूर सरकवून. चौकशीनं डबा खडखडवला. आत्यानं चिठ्ठी घेतली, आईनं एका हातानं घेतली, शेवटची उरली ती बाबांनी. त्यांनी मान वळवून ती उलगडायला घेतली.

“आज चिठ्ठी मी वाचणार,” चौकशी म्हणाली. “द्या बाबा.”

“आणि आमच्या?” आत्यानं विचारलं.

“तुमच्या राहू देत. आज फक्त बाबा.”

“मग हा कसला खेळ? तुला आधीच कळलं तर शोधणार काय, डोंबल?”

चौकशीनं बाबांच्या हातातून चिठ्ठी घेतली, उलगडली, वाचली. जराशी थांबली.

“लुच्चा,” ती म्हणाली आणि चिठ्ठी पालथी टेबलावर ठेवली. “बाबा, नियम माहीत आहे ना? लुच्चानं काही झालं तरी खरं बोलायचं नाही.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले. ते हसत होते.

“बुधवारी बसमध्ये मी तुम्हाला एक चिठ्ठी दिली होती. ती कोरी होती, बाबा. दोन्ही बाजूंनी.”

बाबांचं हसू तसंच राहिलं, जसं पाहुणे निघून गेल्यावरही दार उघडं राहतं.

“कोरी?” आत्या म्हणाली. “कोरी चिठ्ठी कशाला दिलीस? आणि हा काही बोलला नाही?”

“पहिला प्रश्न,” चौकशी म्हणाली. तिचे हात टेबलाखाली होते. “उद्या तपासणीला तक्त्यावरची अक्षरं तुम्हाला दिसतील?”

बाबांची खुर्ची करकरली. ते उठतील असं तिला वाटलं. उठले तर पुढं काय, ते तिनं वहीत लिहिलेलं नव्हतं. बाबांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले, जणू स्टिअरिंगवर ठेवावेत तसे, थोडे अंतर सोडून.

“दिसतील,” ते म्हणाले.

आत्या हसायला लागली आणि मध्येच थांबली. आईच्या हातातली इस्त्री कॉलरवर आली होती, ती तिथंच राहिली.

“समोर आई उभी आहे,” चौकशी म्हणाली. “तिचा चेहरा दिसतो?”

बाबांनी सवयीनं मान डावीकडे वळवली. मग ती हळूहळू परत आणली आणि आईकडे सरळ, अगदी समोरून पाहिलं. असं त्यांनी कितीतरी दिवसांत पाहिलेलं नव्हतं.

“दिसतो,” ते म्हणाले. “अगदी स्पष्ट.”

करपल्याचा वास आला. आईनं इस्त्री उचलली. नव्या कॉलरवर तपकिरी डाग उमटला होता. ती त्या डागाकडे बघत नव्हती.

“आणखी किती प्रश्न आहेत?” बाबांनी विचारलं.

“एकच.” चौकशीनं हात टेबलाखालून वर घेतले. “उद्या गाडी काढणार?”

खालून एक बस गेली. खिडकीची काच थोडी थरथरली. बाबांनी कान देऊन ऐकलं, ती वळणावर जाऊन दुसरा गिअर पडेपर्यंत.

“काढणार,” ते म्हणाले.

आईनं इस्त्रीची वायर भिंतीतून ओढली. सदरा तसाच, एक बाही चुरगळलेली ठेवून, तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ती बाबांच्या शेजारी येऊन बसली. तिनं त्यांच्या खिशातून तो आठ ओळींचा कागद काढला, वाचला आणि टेबलावर ठेवला.

“चहा गार झाला तुमचा,” ती म्हणाली. “पुन्हा करू?”

“कर,” बाबा म्हणाले.

आत्या टेबल आवरायला लागली. कप गोळा केले, बशा एकावर एक ठेवल्या. चिठ्ठ्या डब्यात टाकता टाकता तिनं ती पालथी ठेवलेली चिठ्ठी उचलली आणि सुलटी केली. जाड काळ्या पेनानं, बोटभर अक्षरांत, तिच्यावर ‘सच्चा’ लिहिलं होतं.

आत्यानं चौकशीकडे पाहिलं. चौकशीनं मान खाली घातली.

आत्यानं चिठ्ठीची घडी केली, आणखी एक केली, मूठ मिटली आणि डब्याचं झाकण दाबून लावलं.

“काय गं ताई, काय आहे?” बाबांनी विचारलं.

“काही नाही रे,” आत्या म्हणाली. “लुच्चाच आहे. बरोबर वाचलंय पोरीनं.”